डावा गाल

त्सुबामेच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
माझ्या हातात येतोय तोच सोनेरी दांडा,
दाढीच्या रेझरएवढा, पोटात एक पेन्सिल सेल.
बूड फिरवलं की गुणगुणू लागतो.
मग तो गालाला लावायचा, एक, दोन, तीन मोजायचं
आणि कंप बरोबर असेल तर मखमलीत निजवायचा.
कंप मोजायला यंत्रं आहेत.
पण कुवाबारासाहेब म्हणतात,
यंत्राला गाल नसतो.

दिवसाला चारशे.
उजव्या हातात पेन, नोंदवहीसाठी,
म्हणून दांडा डाव्या हातात,
म्हणून डावाच गाल.
कुणी ठरवलं नव्हतं हे.

खोक्यावर लिहिलंय, त्वचा पुन्हा तरुण.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही बायका त्यावर हसायचो
भाताचे गोळे खाताखाता.
मग गेल्या हिवाळ्यात गाडीच्या परवान्यासाठी फोटो काढला.
फोटोवाल्या पोरानं तो मधोमध हातानं झाकून पाहिला,
एकदा इकडून, एकदा तिकडून,
आणि अदबीनं विचारलं,
बाई, तुम्ही जुळ्या आहात का?
डावा गाल पंचेचाळीसचा.
उजवा जो आहे तो, साठीला टेकलेला,
खळीची जागा सुरकुतीनं केव्हाच भाड्यानं घेतलेली.

रविवारी मी तेरादोमारीला जाते, आईकडे.
समुद्राकडे तोंड केलेलं म्हाताऱ्यांचं घर,
चार पलंग, तिचा खिडकीशी.
पायथ्याला टीव्ही. आम्ही सुमो बघतो.
मी खिडकीच्या बाजूला बसले
तर ती म्हणते, सुमिए, जेवलीस का?
दाराच्या बाजूला बसले
तर म्हणते, ताई.
हात्सुनोताई,
ते मी घेतलं होतं.
रागावू नकोस.

मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली.
तिचं काय हरवलं होतं, आता कोण सांगणार.
सुरुवातीला मी म्हणायची, आई, मी सुमिए आहे गं.
तेव्हा तिचा चेहरा पडायचा,
सगळं ओकून टाकल्यावर
ऐकणारा भलताच निघावा तसा.

आता मी दारातच अंदाज घेते,
आज तिला कोण हवंय.
खुर्ची हलकी आहे. कुठेही ठेवता येते.

मार्चमध्ये एक दांडा बिघडलेला आला.
कंप जाड, खालच्या पट्टीतला,
गुणगुण नाहीच, नुसती घरघर.
वहीत फुली मारली
आणि भंगाराच्या टोपलीऐवजी
एप्रनच्या खिशात टाकला.

तो आईच्या गालाला लावला.
दुधावरच्या सायीसारखी कातडी,
लहर उठली ती कानाच्या पाळीपर्यंत गेली.
मला वाटलं, दचकेल.
ती म्हणाली, इंजिन लागलं.
बाबा निघाले?

माझे बाबा की तिचे, कळलं नाही.
दोघांच्याही होड्या होत्या,
दोघंही माकुलं धरायला रात्री जायचे
दिव्यांची माळ पेटवून.
मी म्हटलं, निघाले.
मग झोपते जरा, म्हणाली,
यायला पहाट होईल त्यांना.

सेल संपेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.
हात कोपरापर्यंत बधिर.
टीव्हीवर कुणी कुणाला तरी रिंगणाबाहेर ढकललं,
लोकांनी बसायच्या गाद्या भिरकावल्या.
तरुणबिरुण काही झाली नाही ती.
घरघर बारीक होत गेली,
बंदराच्या तोंडाशी होडी वळते तशी,
मग नुसताच तिचा श्वास.
मी कुठल्या बाजूला बसले होते
ते तिनं पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी कुवाबारासाहेबांनी भंगार मोजलं.
पुन्हा मोजलं.
एक कमी.
पट्ट्याच्या कडेनं एकेकीकडे पाहत आले,
माझ्यापाशी थांबले.
मी मान वळवली,
उजवा गाल त्यांच्याकडे केला,
म्हटलं,
ते मी घेतलं होतं.