डोकं आणि पाय

राशिदने पिकअपमधून उतरवलं ते माझ्या दुकानापुढे,
मुहर्रकच्या गल्लीत, दुपारी दीडला,
सावलीसुद्धा शटर ओढून घेते तेव्हा.
"मोठ्या आत्याचं," म्हणाला. "पाय घास, काळा रंग मार.
वर संगमरवर बसवायचा आहे. कॅफेत टेबल.
डोकं भंगारात टाक, नाहीतर ठेव तुला."

डोकं, हात, पाय, दात.
मशीनला सगळं आहे, पोट तेवढं नाही.
पोट आमचं.

रात्री शटर खाली करून बसलो.
तेल मिळालं नव्हतं असं नाही, उलट फार मिळालं होतं.
कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं, मायेने,
आणि त्या मायेचा झाला होता डिंक.
चाक जागचं हलेना.
समोरच्या सलूनमधून जोनायेदचा ड्रायर आणला उसना.
गरम वारा, रॉकेलचा थेंब, थांबणं.
गरम वारा, थेंब, थांबणं.
आमचे उस्ताद, मंडणगडचे गुलामहुसेन परकार, म्हणायचे,
स्क्रू आणि सासरा,
पहिल्याच दिवशी पिळू नये.

तिसऱ्या रात्री चाक वाटाणाभर सरकलं.

दातांवरची पट्टी काढली तर खाली गाळ,
दाबून दाबून झालेली कापसाची चटई.
वर पांढरा थर, थोबांचा.
त्याखाली शाळेच्या गणवेशाचा निळा,
मग काळा, बराच वेळ काळा,
आणि तळाशी जरीचा एक कण,
भाताच्या तुसाएवढा, अजून सोनेरी.
कुणाचं लग्न होतं, कुणास ठाऊक.
सुईच्या टोकाने उचलला, चिकटपट्टीवर ठेवला,
भिंतीला लावला
भाड्याच्या पावतीशेजारी.

शटल हातात आली तेव्हा हसू आलं.
दोन्ही टोकांना निमुळती, पोटात दोरा,
होडीच ती.
दर टाक्याला एक खेप,
जाऊन येऊन, जाऊन येऊन.
सव्वीस वर्षांत माझ्या नऊ.

पाय रंगवून झाले.
राशिदने सांगितलं नव्हतं, तरी
दांड्याच्या बांगडीत ग्रीस भरलं,
पायडलच्या दोन्ही कानांत तेल सोडलं.
टेबल होणार म्हणून काय झालं,
कुरकुरायचं कशाला?

द्यायच्या आदल्या रात्री
दोघांना एकदा जोडलं.
पट्टा माझ्याच जुन्या मशीनचा, कापून बेताचा केला.
पाय ठेवला. पहिल्याच दमात उलटं फिरलं, दोरा तुटला.
विजेच्या मशीनवर माझा पाय
नुसता दाबायला शिकला होता.
मग हाताने चाकाला झोका, टाच, चवडा, टाच,
आणि लागला तो आवाज,
पत्र्यावर कुणी शेंगा सोलाव्यात तसा.
अस्तराच्या चिंधीवर वीतभर शिवण मारली.
एकही टाका उडाला नाही.
आणखी वीतभर मारली, उगाच.
मग पट्ट्याची तार सोडली.

आता डोकं खोलीवर, फरशांच्या खोक्यावर.
उजव्या हाताने चाक, डाव्याने कापड,
खोलीतल्या सात जणांच्या पँटी.
शुक्रवारी प्रत्येक भोकात एक थेंब,
खोबरेल नाही.

गेल्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत गेलो.
दीड दिनारची कॉफी.
गर्दी होती, त्याच टेबलावर समोर
एक मायलेकी आधीच बसलेल्या.
पोरगी सहा-सात वर्षांची, कंटाळलेली,
पाय पायडलवर.
संगमरवराखाली चाक फिरत होतं,
आवाज नाही,
पण उलटं.
मला राहवलं नाही. वाकलो,
बोटाने चाकाला एक झोका दिला सरळ,
आणि टाच कुठे ठेवायची ते
माझ्या चपलेने दाखवलं.
आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली.
पोरीने ओठ आवळून टाच दाबली.
चाक सरळ धावलं,
आणि माझी कॉफी कपात
जराशी हलली.