सोळा ते तळ

एका हातात ओला कचरा, कडेवर यमू,
आणि खाली घंटागाडीची वेळ.
लिफ्टमध्ये शिरताना एवढंच म्हणालो,
"आज बाबा दाबणार हं."
तोवर तिचा तळवा, केळं लागलेला,
वरपासून खालपर्यंत फिरून आला होता.
सगळे आकडे पेटले.

पंधरा. दार उघडलं.
यमूनं वाकून डोकावलं, हात उलटे केले:
"कोन्नाई!"
चौदा. कोन्नाई.
तेराव्यावर कुणीतरी बोंबील तळत होतं,
तिथं जरा रेंगाळली,
मग नाइलाजानं, कोन्नाई.

अकराव्यावर पिल्लेकाका आत आले.
इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्म, कंपनीची बस चुकायला आलेली.
त्यांनी आकड्यांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.
मी कचऱ्याच्या पिशवीकडं पाहिलं.
दहा, नऊ, आठ
गप्प गेले.
यमूही त्यांच्या मिशांत हरवलेली.
सातव्यावर दार उघडलं,
रिकामा पॅसेज, एक तीनचाकी सायकल,
आणि काका, घसा खाकरून,
मीटिंगमधल्या आवाजात:
"कोन्नाई."

मग काय!
सहापासून खाली दोघांचं एकसुरात.
तिसऱ्यावर खरंच एक बाई उभ्या होत्या,
त्यांनाही तेच सांगितलं.

गेटवर पोचलो तेव्हा घंटा
घणसोली स्टेशनच्या बाजूला, बारीक होत चाललेली.
पिशवीतून चपलेवर काहीतरी ठिबकलं.
यमूनं रस्ता नीट तपासला
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
उरलेलं केळं माझ्या गालाला पुसलं
आणि हात उलटे केले.