त्रेचाळीस जे

मी अजून विमानात बसलेली नाही.
पण विचारा मला,
कुठल्या ओळीला खिडकीच्या जागी नुसती गुळगुळीत भिंत येते,
कुठली खुर्ची मागे कलत नाही,
कुठे पायाशी लोखंडी डबा असतो
आणि चौदा तास एक गुडघा दुमडून काढावे लागतात.
कन्ना चौकात, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता
हे सगळं पाठ झालंय,
परत आलेल्या गिऱ्हाइकांच्या कुरकुरीतून.

मे महिन्यात, ऐन दुपारी
चिप्पा नवरा-बायको जिना चढून आले.
राजमल्लू आधी, मग बालामणी, मग तिचा दम.
लेक टोरांटोला. दिवस भरत आलेले.
मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.
विमान वरून पाहिलेलं, सोललेलं,
आत चौकोनच चौकोन.

राजमल्लूंनी चष्मा कपाळावर ढकलला.
चाळीस वर्षं जॅकार्डचे पत्ते पाडलेलं बोट
चौकोनांवरून फिरलं,
काचेला न टेकता.
"हा तर पत्ताच की, अम्मा.
हे भरलेलं, हे रिकामं.
मोर कुठाय यात?"

मी म्हटलं, मोर नाही काका, पंख आहे,
पंखावर विमान कमी हलतं पण खाली काही दिसत नाही.
पुढच्या भिंतीजवळ पाय पसरता येतात,
पण तिथे पाळणे टांगतात, रात्रभर रडारड.
दाराजवळची जागा सगळ्यांत ऐसपैस,
ती तुमच्या गुडघ्यांना मिळायची नाही;
वेळ आली तर दार उघडणारा हवा तिथे.
"साच्याखालचा पट्टा एका हातानं ओढायचो मी."
ते आता कंपनीला कोण सांगणार?

उजवी बाजू घ्या. जाताना ऊन डावीकडून येतं.
यावर बालामणी हसली,
"ऊन काय, घरून नेऊ डब्यात."

मग मी माझं गुपित काढलं.
शेपटीकडे विमान निमुळतं होतं,
तिथे तिनाच्या दोनच खुर्च्या उरतात.
फक्त तुम्ही दोघं. मध्ये कुणी नाही.
सांगताना मीच थोडी लाजले.

दोघं आपसात तेलुगूत काही बोलले.
मग ती म्हणाली, "नको.
ह्यांना जायला-यायला कडेची दे,
मला खिडकी.
मधली राहू दे."

हुशार आहात, मी म्हटलं.
एकटी मधली कुणी घेत नाही,
रिकामी राहिली तर पाय पसरा.

"रिकामी कशाला राहील?
कुणीतरी येऊ दे की, बोलायला.
ह्यांच्याशी काय बोलू चौदा तास,
ह्यांचं सगळं ऐकून झालंय."
राजमल्लूंनी मान डोलावली,
दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशी.

त्रेचाळीस एच, त्रेचाळीस के.
बाहेर पाराही त्रेचाळीसच.

तिकीट निघालं, पैसे मिळाले, माझं काम संपलं.
तरी रोज रात्री शटर ओढण्याआधी
मी ते विमान उघडून बघायची.
जे पांढरा.
जे पांढरा.
आजूबाजूला सगळं भरत आलं,
आणि मला वाटायला लागलं,
येईल ना कुणी?
शेंगाचटणी बांधून नेणार होती ती, पाव किलो जास्तीची.

आदल्या रात्री पावणेअकराला
जे करडा झाला.
मी एकटीच होते. टाळी वाजवली.

आठ दिवसांनी फोन. नात झाली.
मी विचारलं, आणि मधे कोण होतं हो?

"होता एक पोरगा, लांबच्या लांब.
बसला तो झोपला. जेवायलासुद्धा उठला नाही.
चटणी तशीच राहिली.
त्याला जाग येऊ नये म्हणून
आम्ही दोघं त्याच्या डोक्यावरून
हळूहळू बोलत बसलो.
ह्यांनी एक गोष्ट सांगितली,
लग्नाआधीची, भवानी पेठेतली.
मला माहीतच नव्हती बघ."

परतीला कुठली देऊ, मी विचारलं, मागची दोघांचीच?

पलीकडे बराच वेळ बाळ रडत होतं.

"नको," ती म्हणाली.
"तीच दे."