देखरेखीखाली

एइनोने पेट्या दोन केल्या होत्या.
एक त्याची, ती लवकरच लागली.
दुसरी अकरा वर्षं कोठारात,
आणि रिकामी कशाला ठेवायची म्हणून
हेल्मी तिच्यात कांदे भरायची.

पहाटे पावणेपाचला धाकटीचा फोन:
“अर्वो, आई गेली. सगळं आम्हीच करणार.
तू फक्त सही दे.”
सही फोनवरून देता येत नाही.
या राज्यात प्रेत हलतं ते
परवानाधारकाच्या देखरेखीखाली,
आणि पन्नास मैलांत परवाना एकट्या माझ्याकडे.

पोचलो तेव्हा सौनातून धूर निघत होता.
व्यवस्थेचं बोलणं काढण्याआधी
दरपत्रक हातात द्यायचं, हाही नियम.
दिलं. सिस्कोचे हात ओले होते,
शाई फुटली,
तरी थोरल्या लेम्पीला वाचता आलं:
मूलभूत सेवा, एकवीसशे डॉलर,
ही सेवा नाकारता येत नाही.
“आणि एवढ्यात तू काय करणार?”
ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे.
रागावली नव्हती. खरंच विचारत होती.

उभा राहणार, म्हणालो.

उभा राहिलो. बंद दाराकडे तोंड करून,
बर्फात, ऑफिसच्या बुटांत.
आत लाकडी डोयीने पाणी ओतल्याचा आवाज.
मध्येच कुणीतरी हसलं,
मग बराच वेळ काहीच नाही.
याच फळीवर सिस्को जन्मली होती,
सुईणीला तेव्हा कुणी परवाना विचारला नाही.
दाराखालून बर्चच्या पाल्याचा वास येत राहिला
आणि माझे पाय बधिर झाले.

नियम आभाळातून पडत नाहीत.
दक्षिणेकडे एका गॅरेजात
सव्वीस जण सापडले होते, वाट बघत,
मालकाचा फोन बंद.
त्यांतल्या एकीच्या मुलाशेजारी बसून
राजधानीत मीच साक्ष दिली होती:
कायदा कडक हवा.
आजही विचारलंत तर तेच सांगेन.
फक्त तेव्हा डोळ्यांपुढे गॅरेज होतं.

मग टेबल पुसून फॉर्म.
त्यात एक रकाना आहे, विल्हेवाटीची पद्धत.
आवाज न करता लिहिलं: दफन.
पेटी कुणी पुरवली?
“बाबांनी,” सिस्को म्हणाली.
मी एइनोचं पूर्ण नाव लिहिलं,
परवाना क्रमांकापुढे रेघ ओढली
आणि खाली सही केली.

जमीन मे महिन्यात सैल झाली, तेव्हा पुरलं.
चेक त्याच्या कितीतरी आधी आला होता,
पूर्ण रकमेचा, एक डॉलर कमी नाही,
आणि माझ्या पायरीवर कांद्यांची गोणी,
चिठ्ठी वगैरे काही नाही.
पेटी रिकामी करावी लागली असणार.

पावतीपुस्तकात गोणीला रकाना नाही.
गॅरेजात ठेवली आहे.
कोंब फुटायला लागलेत.