शिराजचा हिशेब

बाबगोंडाअण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात,
मग वही उघडतात.
सव्वा एकर शिराज, मालगाव शिव.

थॉमसनला बुडव्या, विरळणी, मण्यामण्याचे लाड.
हिला नाही. हिचा मणी बारका, बियांचा, सालीला चिवट,
मिरजेच्या बाजारात फुकटही कुणी घेणार नाही.
गिऱ्हाईक एकच, पलूसचं.
भाव करारात गोठलेला.

कंपनीचा पोरगा येतो, मणी चिरडतो,
नळीतून आभाळाकडे बघतो.
"बावीस. अजून चार दिवस थांबा."
चार दिवसांत घड वजनाला उतरतात.
गोडी त्यांची, तूट आमची.

दिवाळीला त्यांनी एक बाटली धाडली.
अण्णांनी हात लावला नाही,
मला धरायला लावून चष्म्यातून लेबल वाचलं.
साडेआठशे.
सव्वा किलो द्राक्षं. आमचे छप्पन रुपये.
वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली,
जरा वेळानं आणखी एक.

बाटली मोटारीच्या खोलीत आहे,
गंधकाच्या पोत्यामागं, आडवी.
"देऊन टाकू का कुणाला?" मी विचारलं.

अण्णा वही बांधत म्हणाले,
"जुनी झाली की हिचा भाव वाढतो म्हणं.
ऱ्हाऊ दे."