उलटे आटे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
टॉवेलच्या कारखान्याला पाठ लावून माझं लेथचं दुकान.
एप्रिलात पत्रा असा तापतो
की मायक्रोमीटरही खोटं बोलू लागतो.
मोजमाप म्हणून सकाळी सातच्या आत.

त्या सकाळी इरण्णा हत्तुरे आला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन लोखंडं घेऊन.
"राजक्का, बघ की, जोडी हाय का ही?"

चिट्याल वकिलांची ट्रायम्फ.
दोनच माणसांची, बुटकी, लाल,
खरवडलं तर खाली हिरवी.
ब्रेक दाबला की जरा विचार करून थांबणारी.
वकिलांना मोठ्या डिस्क हव्या होत्या.
मोठ्या डिस्कला मोठा कॅलिपर,
कॅलिपरला जाड स्टब अ‍ॅक्सल,
अ‍ॅक्सलला जाड उभा दांडा,
दांड्याच्या तळाशी त्याच्याच मापाचा ट्रनियन.
एका पाहुण्याला बोलवावं
आणि त्याचं अख्खं गाव जेवायला यावं, तसं झालं.

डावा दांडा इंग्लंडहून आला, कस्टम भरून.
उजवा हैदराबादच्या भंगारातून,
सेम टू सेम, अशा शपथेवर.

डाव्याचे आटे उलटे, उजव्याचे सुलटे.
ते बरोबर, त्या घराण्याची रीतच ती.
पण एक जाड, दुसरा बारीक.
मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

"बुश करून देते. किती, दीड मिलिमीटर."
"नको. बसंल की. पण ब्रेक मारलं की गाडी डावीकडं वढती.
फुडं एक पाय एक, दुसरा दुसरा,
असं चालत नसतंय, अक्का."

मी पुसायला कापूस घेतला.
माझ्या डाव्या बुटाला चार सेंटिमीटरचा तळ आहे.
नवी पेठेतला दुकानदार मला दोन मापांचे बूट देतो,
पैसे एकाच जोडीचे घेतो.
उरलेल्या दोघांचं काय करतो, मी विचारत नाही.
इरण्णाच्या ध्यानातही आलं नाही तो काय बोलला.
वीस वर्षं ओळखतो मला.
बरं वाटलं. थोडंसंच, पण वाटलं.

दीड महिना गाडी लाकडी ठोकळ्यांवर.
वकील संध्याकाळी येत, सीटवर बसत,
चाकं नसलेलं स्टिअरिंग फिरवत कोर्टाच्या तारखा सांगत.
इरण्णा कोल्हापूरला फोन करी, मद्रासला करी.
तिथं कधीकाळी हेरल्ड बनायची,
तिची हाडं याच कुळातली.
सगळीकडून एकच उत्तर: डावं आहे, पाठवू?

शेवटी तो म्हणाला, "जुनंच बसवू. बारीक हाय, पण जोडी हाय."

दांडे शाबूत होते, ट्रनियन झिजलेले.
ते मी नवे केले, ब्रॉन्झचे.
उजवा रोजच्यासारखा.
डाव्यासाठी लीडस्क्रू उलटा फिरवला.
एरवी प्रत्येक कामात टूल हेडस्टॉककडे जातं,
त्या दिवशी त्याच्यापासून दूर निघालं,
हळू, न चुकता,
जणू त्यालाही कधीपासून तिकडेच जायचं होतं.

"ग्रीस कुणी घालू नका," इरण्णानं वकिलांना बजावलं,
"गिअरचं तेल. नायतर मोडून हातात यील."

होटगी रोडला, विमानतळाच्या भिंतीपाशी,
त्यानं साठच्या वेगात ब्रेक दाबला.
गाडी थांबली, पूर्वीसारखीच विचार करून.
पण सरळ.
रस्त्यावर काळ्या दोन रेघा, सारख्या लांबीच्या.
इरण्णा उतरून त्या बघत राहिला.
वकील बघत राहिले इरण्णाकडे.
मोठ्या डिस्कचं नाव कुणी काढलं नाही.

मग वकिलांनी किल्ली माझ्यापुढं धरली.
आत जागा कमी, पेडल एकमेकांना चिकटून.
डावा पाय उचलून क्लचवर ठेवला.
तळ जाड असल्यामुळं
क्लच वाटला होता त्यापेक्षा जवळ निघाला.

इंग्लंडचा तो डावा दांडा माझ्या फळीवर आहे,
वर्तमानपत्रात.
अधूनमधून तेलाचा हात फिरवते.