निळं

ॲप म्हणतं, एकाहत्तर टक्के.
म्हणजे सासवडला तीनदा जाऊन यावं
तरी काही उरेल.
आणि दार उघडत नाही.

सहकारनगर, तळघरातलं पार्किंग, बारावा खांब.
पाच आठवडे इथेच उभी होती.
माझे मोतीबिंदू, आधी उजवा, मग डावा.
गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाले,
मी ऐकलं. गाडीनेही ऐकलं असावं.
बॉनेटवरच्या धुळीत कुणी पोरं
फुली-गोळा खेळून गेलीत.
गोळा जिंकलाय.

मुनाफ तांबोळी नाना पेठेतून ॲक्टिव्हावर आला,
पायांच्या मधे नवी बॅटरी उभी करून,
बालवाडीत पोराला नेतात तशी.
किल्लीच्या पोटातून त्याने दुसरी किल्ली काढली,
काडीएवढी, लोखंडाची. चार वर्षांत
ती तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

"काकू, मोठी ठणठणीत आहे. ही बारा व्होल्टची बसलीय.
हिने हाक मारल्याशिवाय मोठी उठत नाही."
आमच्या घरीही असंच होतं.
थोरल्या जाऊबाई तिजोरीला टेकून बसलेल्या
आणि किल्ल्या धाकटीच्या कमरेला.

मीटर लावला. आठ पूर्णांक नऊ.
"उतरलीय," म्हणाला.
"उतरली नाही," मी म्हटलं, "गेली.
शिसं इतकं खाली गेलं की परत येत नाही."
त्याने मान वर केली.

मग सांगावंच लागलं.
बाजीराव रोडचं टेलिफोन एक्स्चेंज,
बॅटरी रूम, एकोणीस वर्षं.
चोवीस सेल, दोन-दोन व्होल्टचे,
लोणच्याच्या बरण्यांसारखे ओळीत,
आणि मी हायड्रोमीटर बुडवून वहीत लिहायचे:
बाराशे दहा. बाराशे पाच. बाराशे दहा.
सुती साडीला ॲसिडची भोकं पडायची,
लगेच नाही, धुतल्यावर.
वाळत घालताना त्यातून समोरची गच्ची दिसायची.
गावातले दिवे गेले तरी
रिसीव्हर उचलला की तो सूर यायचा ना,
तो आमच्या खोलीतून जायचा.
सूर आला म्हणून कुणी कधी फोन केला नाही.
नसला की मात्र तक्रार.

"मग तुम्हीच काढा की," तो म्हणाला
आणि दहा नंबरचा पाना पुढे केला.
चेष्टेत केला असेल. मी घेतला.
नारिंगी केबलींकडे बोट दाखवून म्हणाला,
"यांना लांबूनच नमस्कार."
आधी ऋण. नेहमी आधी ऋण.
पण ऋण अडलं होतं, कडक पूड धरून.
खाण्याचा सोडा माझ्या घरातला,
गरम पाणी वॉचमन सुतारांच्या थर्मासमधलं.
ओतलं. फसफसलं.

आणि ती पूड निळी होती.
मळकट नाही, राखाडी नाही,
मोरचुदाची निळी, तेव्हाच्या बॅटरी रूममधली.
मधल्या वर्षांत कधीतरी
कुणी सगळं निळं उचलून नेलं होतं,
आणि मी एकदाही
कुठे गेलं म्हणून विचारलं नव्हतं.

"काय झालं, काकू?"
"काही नाही. चिकटलंय."

जुनी बॅटरी मोडीत, बिलातून सहाशे वजा.
नवी उचलताना तो कण्हला, मी नाही,
कारण मी उचलली नाही.
आधी धन, मग ऋण, बारीक ठिणगी,
आणि गाडीच्या पोटात कुठेतरी
टक्.
कुणी आतून कडी काढावी तसं.
दिवे लागले, पंखा फिरला,
पट्टा लावा, म्हणाली.
घड्याळात एक जानेवारी, रात्रीचे बारा.

"तारीख लावून देऊ?"
"राहू दे."

पद्मावतीच्या सिग्नलला
समोरच्या टेम्पोवर ताडपत्री बांधलेली.
सिग्नल कधी सुटला, पाहिलं नाही.
मागचा हॉर्न वाजवत होता.
वाजवू दे.